चक्र म्हणून सोडून देता येणार नाही

पुण्यातल्या वारजेच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत उन्हाळ्यात एक वाद हटकून रंगतो. ‘आम्ही एकसष्टचा पूर बघितलाय, बहात्तरचा दुष्काळही बघितलाय. निसर्गाचं चक्र आहे, असंच चालायचं,’ असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात. तरुण मुलं सगळा दोष माणसाच्या माथी मारून मोकळी होतात. या वादाचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपण महापालिकेकडे आणि सरकारकडे काय मागायचं, हे त्यावर ठरतं. चक्र असेल तर कळ काढायची, ते फिरेपर्यंत थांबायचं. आपल्यामुळे होत असेल, तर थांबणं हाच गुन्हा ठरतो. म्हणून हे मुद्दे.

१. चक्र खरं आहे, ते नाकारू नये.

ज्या टेकडीवर हा वाद चालतो, तिचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. दख्खनचं पठार घडवणाऱ्या त्या उद्रेकांनी तेव्हाचं हवामान ढवळून काढलं आणि तेव्हा इथे माणूस नव्हताच. पृथ्वीची कक्षा आणि तिच्या आसाचा कल हजारो वर्षांच्या लयीत बदलतात, त्यातून हिमयुगं येतात आणि जातात. हेही कुणी नाकारत नाही.

माणसाच्या काळातला दाखला हवा असेल तर शिरूर तालुक्यातलं इनामगाव पाहा. घोड नदीकाठच्या या वस्तीचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षं केलं. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास तिथे शेतकरी राहत होते; ऐसपैस चौकोनी घरं होती, नदीचं पाणी वळवणारा पाट होता. इसवी सनापूर्वी १००० नंतर मात्र छोट्या गोल झोपड्या दिसू लागतात, शेती मागे पडते, आणि आणखी तीनेक शतकांत वस्ती उठते. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण वाढत्या कोरडेपणात शोधलं. तेव्हा कुणी कोळसा जाळत नव्हतं. चक्रवाल्या मंडळींनी हा दाखला जरूर द्यावा, पण पुरता द्यावा: चक्र फिरलं आणि गाव उठलं. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, असं त्यातून अजिबात निघत नाही.

२. चक्रं शोधणारेच आज माणसाकडे बोट दाखवताहेत.

शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. त्याच खात्याचे प्रमुख असताना गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका ओळखला. आज एल निनो म्हणून बातम्यांत येतो तो प्रकार याच झोक्याशी जोडलेला आहे. १८७७ आणि १९७२ च्या दुष्काळांमागे एल निनो होता. म्हणजे ‘शास्त्रज्ञ चक्र विसरले’ हा आरोप टिकत नाही. ज्या संस्थांनी चक्र मोजायला शिकवलं, त्यांनीच ते वजा करून उरलेलं काय, हेही मोजलं आहे.

३. वजाबाकीनंतर उरतं ते आपलं.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये भारतातल्या हवामानबदलाचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा हा अहवाल आहे, परदेशातून आलेलं पत्रक नव्हे. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं आणि त्याचं मुख्य कारण हरितगृह वायू, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हवेतल्या धूलिकणांनी आणि धुरकटाने ऊन थोडं अडवलं, नाहीतर वाढ याहून जास्त दिसली असती.

कशावरून? सूर्य तापला म्हणावं, तर १९८० नंतर सूर्याकडून येणारी ऊर्जा वाढलेली नाही. शिवाय सूर्याने तापवलं असतं तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर गार होतोय. गोधडी जाड केली की आत ऊब वाढते आणि बाहेर कमी निसटते, तसं हे आहे. ज्वालामुखी म्हणावं, तर जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या एक टक्काही भरत नाही. १९९१ मध्ये पिनाटुबोचा मोठा उद्रेक झाला तेव्हा तर जग काही काळ थंड झालं. कक्षेचं चक्र म्हणावं, तर ते अतिशय संथ. गेलं हिमयुग सरताना पाच-सहा अंश वाढायला हजारो वर्षं लागली. आपण दीडशे वर्षांत एक अंश ओलांडून पुढे आलो.

आणि हवेतल्या कार्बनला स्वतःची ओळख असते. कोळसा आणि तेल इतके जुने की त्यांतला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. त्यांत कार्बन-१३ सुद्धा कमी, कारण मुळात ती झाडं-शेवाळं होती. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये नेमका हाच, जुना आणि वनस्पतिज, कार्बन वाढताना दिसतो. औद्योगिक क्रांतीआधी दहा लाख रेणूंमागे सुमारे २८० असलेलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण आता ४२० च्या पुढे गेलं आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली आठ लाख वर्षांची हवा तपासली, त्यात ते कधीही ३०० च्या फारसं वर गेलेलं सापडत नाही. इतक्या वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर येत असेल, तर त्याला मत म्हणता येत नाही.

४. एका दिवसाच्या आकड्यावर भांडू नका.

पुण्यात २८ एप्रिल २०१९ ला पारा ४३ अंशांवर गेला. ‘बघा, हवामानबदल!’ असं म्हणणाऱ्याला लगेच उत्तर मिळतं की ३० एप्रिल १८९७ ला ४३.३ होता. दोन्ही आकडे खरे आणि दोन्हींनी काहीच सिद्ध होत नाही. पाहायची असते ती अनेक वर्षांची सरासरी आणि टोकाच्या घटनांची वारंवारिता. त्याच सरकारी अहवालानुसार मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, तर देशाचा एकूण मोसमी पाऊस १९५१ पासून सुमारे सहा टक्क्यांनी घटला. पाऊस कमी आणि ढगफुटीसारख्या सरी जास्त, हा अनुभव शेतकऱ्याला आकडे न वाचताही आहे.

५. पण सगळंच हवामानबदलावर ढकलू नका.

ही पळवाट मला चक्राच्या पळवाटेइतकीच धोकादायक वाटते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठेचं पाणी वारज्यासमोरच्या काठावर, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत शिरलं. आदल्या रात्रीपासून शहरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता आणि खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या घरात विसर्ग चालू होता. तळमजल्यावरच्या लोकांना बोटीतून काढावं लागलं, लष्कर आलं. असा पाऊस आता वारंवार येणार, हे जगाचं तापमान वाढल्याचं देणं. पण पूररेषेच्या आत घरं कशी उठली, पात्रात राडारोडा कुणी टाकला, विसर्गाची सूचना घरोघरी केव्हा पोचली, ही उत्तरं शहराने द्यायची आहेत.

उकाड्याचंही तसंच. महामार्गाच्या पुलाखाली दुपारी उभं राहा आणि मग टेकडीवरच्या झाडीत या, फरक अंगाला कळतो. तो डांबराचा, सिमेंटचा, तोडलेल्या झाडांचा. वारज्यातल्या रामनगर वस्तीतल्या पत्र्याच्या घरात रात्री साडेदहालाही भिंत गरम लागते, यात जागतिक वाटा थोडा आणि आपल्या बांधकामाचा मोठा.

६. वारजेचं नगरवन अभिमानाचं आहे, पण त्याच्याकडून काय मिळतं, ते नीट समजून घ्यावं.

उजाड पडलेली ही १६.८ हेक्टर जमीन वनखातं, संस्था आणि नागरिकांनी मिळून हिरवी केली. ५ जून २०२० ला देशात २०० नगरवनांची योजना जाहीर झाली, तेव्हा वारजेचं उदाहरण देशापुढे ठेवलं गेलं. आता हिशेब करू. अगदी उदारपणे हेक्टरी दहा टन कार्बन डायऑक्साइड वर्षाला शोषला जातो असं धरलं, तरी एकूण १७० टनांच्या आत. भारतीय माणसाचा वाटा वर्षाला सरासरी दोन टन. म्हणजे पूर्ण वनाने ऐंशी-पंच्याऐंशी माणसांची भरपाई होते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पुलावरून दिवसभर वाहणारी वाहनं डोळ्यांसमोर आणा. झाडं लावली, आता जाळायला मोकळे, हा हिशेब कुठेच जुळत नाही. वनाचं खरं मोल पाणी मुरवण्यात, माती धरण्यात, परिसर गार ठेवण्यात आहे आणि ते मोल फार मोठं आहे.

७. ‘माणूस’ म्हणताना सगळे सारखे नाहीत.

अमेरिकी माणूस वर्षाला भारतीयाच्या सहा-सातपट कार्बन डायऑक्साइड सोडतो. आजवरच्या एकूण साठ्यातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, भारताचा तीन-चार टक्क्यांच्या आसपास. तोच भेद वारज्यातही आहे: दोन गाड्या आणि चार एसी असलेलं घर आणि पत्र्याचं घर. ज्याने कमी जाळलं तो जास्त भाजतोय, म्हणून उपायांचा खर्च आणि प्राधान्य याच क्रमाने लागलं पाहिजे.

८. मग मागायचं काय?

वारजे १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांपैकी. या २३ गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण राज्य सरकारने २०१५ मध्ये मान्य केलं. ते ढिलं करण्याचा प्रत्येक प्रस्ताव आपण लेखी विरोध करून अडवला पाहिजे, कारण ते पाणी मुरवणारे उतार गेले की खालच्या वस्त्यांत पूर ठरलेला. पावसाळी वाहिन्यांची रुंदी जुन्या सरासरीवर न काढता गेल्या वीस वर्षांतल्या मोठ्या सरींवर काढायला हवी. रामनगरसारख्या वस्त्यांत पत्र्यांना पांढरा उष्णतारोधक रंग महापालिकेने स्वतःच्या खर्चाने द्यावा. मोठ्या सोसायट्यांनी छतावर सौर पॅनेल बसवावेत आणि बससेवा इतकी पुरेशी असावी की दुचाकी घरी ठेवता येईल. महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. फॉर्म वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. या वर्षी त्यात बाकड्यांच्या आणि नामफलकांच्या आधी ओढ्याचं पात्र मोकळं करण्याचं आणि पत्रे रंगवण्याचं काम लिहा, आणि मंजूर झालं की नाही ते विचारायला पुन्हा जा.