वाद लोपला, वितंडा उरली

अथर्वशीर्षाने श्रीगणेशाला वाङ्मयस्वरूप म्हटले आहे. घरोघरी ज्या मूर्तीपुढे आपण मस्तक नमवितो, ते वाणीचेच दैवत होय. म्हणूनच सप्टेंबर २०२४ मधील ती घटना भाविकांच्या मनास अधिक बोचते. गणेशोत्सवाच्याच दिवसांत, आरक्षणाविषयीच्या वक्तव्यावरून राहुल गांधी यांची जीभ छाटणाऱ्यास ११ लाख रुपये देण्याची घोषणा बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी केली. गुन्हा नोंदला गेला. आरक्षणाचा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये विधान परिषदेचे तत्कालीन विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांना सभागृहातील शिवीगाळीबद्दल निलंबित व्हावे लागले. दोघेही दुभंगलेल्या एकाच शिवसेनेच्या दोन बाजूंचे. तेव्हा दोष एकीकडेच लोटता येत नाही.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी छलाचाही आश्रय घेतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करणे, ही वितंडा. शास्त्रात ‘पक्ष’ म्हणजे सिद्ध करावयाचे विधान. आज त्या शब्दाचा संघटना एवढाच अर्थ उरला आहे, आणि आमच्या मते रोगाचे मूळ येथेच आहे. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. कालचे वैरी आज मांडीला मांडी लावून बसतात. ज्याला स्थिर असे मतच नाही, त्याने सोयाबीनच्या भावावर किंवा खारपाणपट्ट्यातील पाण्यावर बोलावे तरी काय? मग प्रतिपक्षाच्या देहावर, घराण्यावर घसरणे ओघानेच येते. शिवाय शिवीचे चित्रण क्षणात गावोगाव पोचते. पूर्वपक्ष ऐकून घेण्याची सवड कोणास आहे?

पूर्वी सारेच सोवळे होते, असे मात्र नव्हे. पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली होती. उत्सवातील मेळ्यांनी सुधारकांची यथेच्छ टर उडविली. टिळक-आगरकरांचा कलहही कडवटच होता. परंतु तो कशावरून, हे शाळकरी मुलासही सांगता येई: संमतिवय, स्त्रीशिक्षण, आधी राजकीय सुधारणा की सामाजिक. १८९५ साली आगरकर निवर्तले, तेव्हा ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

विसर्जनापूर्वी अनेक पुढारी आपल्या मंडपात आरतीस येतील. गावच्या पाण्याविषयी आपला पक्ष कोणता, असे त्यांना नम्रपणे विचारावे. उत्तरादाखल ते संघटनेचे नाव सांगतात की विधान मांडतात, ते ऐकावे.