पानावरची जागा कुणाची?

दिवाळीच्या सुट्टीत भाची चार दिवस राहायला आली. पुण्याला डिझाइनचं शिकते. तिनं सॅक पलंगावर उलटी केली, तर कपडे दोन आणि बाकी सगळा जुन्या इंग्रजी मासिकांचा ढीग! तीही सगळी गाण्याबजावण्याची.

"अगं, गाणं ऐकायचं की बघायचं?" मी विचारलं.

"मावशी, तोच तर माझा प्रोजेक्ट आहे. गाणं कानांसाठी असतं, पण मासिक डोळ्यांना विकावं लागतं. ते कसं विकतात, ते शोधायचंय."

मी मेथी निवडत बसले होते. म्हटलं, सांग बाई, हात कामात आहेत, कान मोकळेच आहेत. पण हळूहळू मेथी बाजूला राहिली आणि मीच मासिकं चाळायला लागले. तोपर्यंत मला वाटायचं, मांडणी म्हणजे नुसती सजावट. वर थोडी कोथिंबीर-खोबरं भुरभुरावं तशी. तसं नाहीये, हे त्या दुपारी कळलं.

पहिली गोष्ट मुखपृष्ठाची. मासिकाचं नाव कायम सगळ्यात वर का, तर स्टॉलवर मासिकं एकापुढे एक लावतात, तेव्हा मागच्यांची वरचीच पट्टी दिसते. आडवी एकावर एक सरकवून ठेवली तर डावी कड दिसते, म्हणून महत्त्वाच्या ओळी बहुतेक वेळा डावीकडे. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाज्या उजवीकडे. इथे मात्र मान डाव्या बाजूला!

दुसरी गोष्ट डोळ्यांची. मुखपृष्ठावरचा गायक बहुधा थेट आपल्याकडे बघत असतो. भाची म्हणाली, "मावशी, त्याच्या डोळ्यांवर हात ठेव." ठेवला, आणि काय सांगू, ते चित्र एकदम परकं झालं. हात काढला की तो पुन्हा बोलायला लागला. तुमच्या घरात पडलेल्या कुठल्याही मासिकावर हा प्रयोग करून बघा. आणि एक गंमत बघा. नावाजलेल्या मासिकात गायकाचं डोकं मासिकाच्या नावातली एकदोन अक्षरं सर्रास झाकतं. ओळखीच्या घराला पाटी वाचायची गरज नसते, तसंच हे.

नावाचाही विचार केवढा! इंग्लंडमध्ये 1986 साली 'क्यू' नावाचं मासिक निघालं. लाल चौकोनात पांढरं एकच अक्षर. आधी त्याच उच्चाराचा दुसरा इंग्रजी शब्द नाव म्हणून ठरला होता, तबकडीवर सुई नेमकी ठेवण्यावरून आलेला. पण त्याचा दुसरा अर्थ बिलियर्ड्सची काठी. लोकांना हे खेळाचं मासिक वाटेल म्हणून सरळ एक अक्षर ठेवलं. स्टॉलवर लांबूनही नजरेत भरायचं. 2020 साली ते बंद पडलं, पण तो लाल चौकोन जुन्या वाचकांच्या डोळ्यांसमोर अजून असेल.

तिकडचंच 'स्मॅश हिट्स' 1978 साली सुरू झालं आणि 2006 मध्ये बंद झालं. ते शाळकरी मुलामुलींचं. त्यात गाजणाऱ्या गाण्यांचे शब्द छापायचे, तेही रंगीत फोटोंच्या संगतीनं. मला एकदम आपल्या टॉकीजबाहेर मिळणाऱ्या सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या आठवल्या. फरक एवढाच, की आपली चोपडी साध्या कागदावरची, आणि त्यांनी त्याच भुकेला रंगीत ताट वाढलं.

मांडणीचा अतिरेकही होतो बरं का. अमेरिकेतल्या 'रे गन' मासिकाचा डिझाइनर डेव्हिड कार्सन याला 1994 साली ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत कंटाळवाणी वाटली. म्हणून त्यानं ती अख्खी मुलाखत अक्षरांऐवजी चिन्हांच्या टाइपात लावली. म्हणजे पान भरलेलं, पण वाचता एक शब्द येत नाही! भाचीला हे फार धाडसी वाटतं. मला विचाराल, तर पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि ताटाभोवती नुसती रांगोळी काढून परत पाठवावं, असला हा प्रकार. ज्यानं मुलाखत घेतली त्याला काय वाटलं असेल?

मग तिनं लॅपटॉपवर एक मुखपृष्ठ दाखवलं. मी आधी पटकन दाराकडे बघितलं, कुणी येत नाही ना! अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन'चा 22 जानेवारी 1981चा अंक. गायक जॉन लेनन, अंगावर एक कपडा नाही, पोटातल्या बाळासारखे पाय दुमडून बायकोला, योको ओनोला बिलगलेला. ती मात्र पूर्ण कपड्यांत. फोटो काढला 8 डिसेंबर 1980 रोजी, न्यूयॉर्कला, आणि त्याच रात्री लेननचा खून झाला. त्या मुखपृष्ठावर मासिकाच्या नावाशिवाय मथळ्याचा एक शब्द छापला नाही. कळल्यावर मी दाराकडे बघायचं विसरले. कधी गप्प बसायचं हे कळणं हीसुद्धा मांडणीच. 2005 साली तिथल्या मासिक-संपादकांच्या संघटनेनं चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून याचीच निवड केली. हा फोटो काढणारी एक बाई, ॲनी लीबोविट्झ. 1970 मध्ये शिकत असतानाच ती या मासिकासाठी काम करायला लागली आणि 1973 मध्ये तिथली मुख्य छायाचित्रकार झाली.

इथवर मी खूश होते. मग सहज ढीग पुन्हा उचलला आणि फक्त मुखपृष्ठं बघत गेले. या ढिगात तरी पुरुष जास्त, बायका बोटांवर मोजण्याइतक्या. आणि पुरुषाच्या हातात गिटार असेल, तर बाईचा हात बहुतेक वेळा कमरेवर. तो वाजवतो आणि ती दिसते! तिचं गाणं किती चांगलं हे सांगायला आतल्या पानांत जावं लागतं. मुखपृष्ठ तेवढं सांगायची तसदी घेत नाही.

हे मुद्दाम करतात की होऊन जातं? भाचीनं मला एक बातमी वाचून दाखवली. 'रोलिंग स्टोन' 1967 साली सॅन फ्रान्सिस्कोत जॅन वेनर आणि राल्फ ग्लीसन या दोघांनी सुरू केलं. 2023 साली वेनर यांनी आपण घेतलेल्या थोर संगीतकारांच्या मुलाखतींचं पुस्तक काढलं. त्यात सात माणसं, सातही गोरे पुरुष. बाई का नाही, असं 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मुलाखतीत विचारल्यावर ते जे बोलले त्याचा अर्थ असा, की त्या बौद्धिक पातळीवर नीट बोलू शकेल अशी बाई नव्हती. केवढा गदारोळ झाला! त्यांनी माफी मागितली, पण ज्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या उभारणीत त्यांचा हात होता, त्याच्या संचालक मंडळावरून त्यांना काढलं गेलं.

मला ऐकून राग आला. पन्नास वर्षं पानावर कुणाला किती जागा द्यायची, हे ठरवण्यात ज्याचा शब्द मोठा, त्याच्या मनात हे! मी तावातावानं बोलत होते. तेवढ्यात भाचीनं कपाटातून आमच्या महिला भजनी मंडळाची स्मरणिका काढली. "मावशी, आता ही बघू."

मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाची ती स्मरणिका. संपादक मीच. भाची काही बोलली नाही, नुसती पानं उलटत गेली. मुखपृष्ठावर समई. मग प्रमुख पाहुण्यांचा पानभर फोटो. मग शुभेच्छा, पुन्हा फोटो, पुन्हा शुभेच्छा. सगळे पुरुष. मग माझं मनोगत, तेही फोटोसकट. मग जाहिराती. आणि शेवटून तिसऱ्या पानावर, एका दुकानाच्या जाहिरातीवर, काडेपेटीएवढा फोटो. त्यात बावीस बायका. त्याच त्या, ज्यांनी पंचवीस वर्षं गायलं.

मला प्रकाशनाचा दिवस आठवला. आमच्या सगळ्यात ज्येष्ठ काकू, पहिल्या दिवसापासून मंडळात, आवाज अजून खणखणीत. त्यांनी चष्मा लावला, फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि मला विचारलं, "अगं, यातली मी कुठली?" मीही शोधलं. पुढच्या बाईच्या अंबाड्यामागे त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. मी म्हटलं, "काकू, डीटीपीवाल्यानं लहान केला हो फोटो." त्या हसल्या. स्मरणिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी देव्हाऱ्याशेजारी ठेवली, ती अजून तिथेच आहे. जिच्यात त्यांचा चेहराच नाही, ती!

डीटीपीवाल्याचा काय दोष? पानं मीच लावून दिली होती. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. पाहुण्यांना पूर्ण पान आणि गाणाऱ्या बायकांना उरलेली जागा, हे मला इतकं स्वाभाविक वाटलं की त्यात काही ठरवतोय हेच जाणवलं नाही. परदेशातल्या संपादकावर रागावणं सोपं असतं, मैत्रिणींनो. आपण घरात तेच करतो. सगळ्यांची पानं वाढून झाली की उरलेल्यात आपण बसतो. मग तीच सवय छापील पानावरही उतरते.

म्हणून मला वाटतं, मांडणी हे नुसतं डिझाइनवाल्यांचं काम म्हणून सोडून देऊ नये. कुणाचा फोटो किती मोठा, कुणाचं नाव कुठल्या ओळीत, कोण थेट आपल्याकडे बघतंय आणि कोण कुणाच्या अंबाड्यामागे, यातून मान दिला जातो आणि काढूनही घेतला जातो. जाहिरातीशिवाय स्मरणिका निघत नाही, हे मलाही कळतं. देणगीदारांना त्यांचं पान जरूर द्यावं. पण सुरुवातीची पानं गाणाऱ्यांची असायला कुणाची हरकत असावी? आणि बाईचा फोटो छापायचाच, तर तिच्या हातातल्या टाळासकट छापावा.

यंदा मंडळाची नवी पुस्तिका निघतेय. मुखपृष्ठावर काकूंना घ्यायचं, असं मी बैठकीत मांडलं. एकीला वाटतं, देवाचाच फोटो हवा. दुसरी म्हणाली, "बाकीच्या एकवीस जणींनी काय घोडं मारलंय?" तिचंही चूक नाही. आता ठरलंय की आत प्रत्येकीला सारख्या आकाराची जागा, नावासकट. मुखपृष्ठाचा वाद मात्र चालू आहे, पुढच्या शनिवारी हात वर करून निकाल लावू.

तुमच्या घरीही गणेशोत्सवाचा अहवाल येत असेल, शाळेचं वार्षिक, पतपेढीची पुस्तिका येत असेल. पुढच्या वेळी वाचायच्या आधी नुसती पानं उलटून बघा. काम कुणी केलं आणि जागा कुणाला मिळाली?

माझ्यापुरती तयारी मी करून ठेवली आहे. भाचीनं जाण्याआधी काकूंच्या अंगणात त्यांचा फोटो काढला. नऊवारी, हातात टाळ, आणि डोळे थेट आपल्याकडे.