आधी मोजा, मग मागणी करा

मुळशीतील वस्त्यांमधून मोबाइल टॉवर हलवावेत, अशी मागणी करणारे पत्र गेल्या अंकात वाचले. टॉवरच्या प्रारणाबद्दलची (रेडिएशन) लेखकाची काळजी रास्त आहे, उपाय मात्र पटला नाही. टॉवर दूर गेला की फोन जास्त शक्तीने प्रक्षेपण करतो, आणि तो तर आपण थेट कानाला लावतो. ताम्हिणीकडे रेंज शोधत फिरणाऱ्यांना हे सांगायला हवे.

माझी मुख्य हरकत अशी, की संपूर्ण पत्रात प्रारणाचे एकही मोजमाप नाही. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या प्रारणासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली; ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट इतकी होते. अँटेनाचा मुख्य झोत समोर जातो. त्यामुळे टॉवरच्या पायथ्यापेक्षा समोरच्या, तेवढ्याच उंचीच्या गच्चीवर तीव्रता अधिक असू शकते. हिंजवडी-माणच्या दाट इमारतींत खरी तपासणी तिथे व्हावी.

राग धरायचाच तर व्यवस्थेवर धरा. मर्यादा पाळल्याचे प्रमाणपत्र कंपन्या स्वतःच देतात, दूरसंचार विभाग फक्त काही टॉवर नमुन्यादाखल तपासतो. २०१७ साली या विभागाचे 'तरंग संचार' संकेतस्थळ आले, पण आपल्या जागी मोजणी करून घ्यायला नागरिकाने ४,००० रुपये भरायचे! भातशेतीवर जगणाऱ्या घराने ते कुठून आणावेत? ग्रामसभांनी ठराव करून शाळा, अंगणवाडी आणि दवाखान्याजवळची मोजणी विनाशुल्क मागावी, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

— एक वाचक, पौड (ता. मुळशी)