दोर कुणाच्या हातात?

कल्याणात, कोळसेवाडीत, माझ्या खोलीला लागून श्वानपथकातला हवालदार राहतो. गोदीत दिवसभर पोती वाहून आलो की रात्री माझी चिलीम पेटते. मधे एक पत्रा. कुत्रा त्यांच्या आवारात असतो. पण हवालदाराच्या खाकीला कुत्र्याचा वास येतो अन् माझ्या सदऱ्याला गांजाचा. दोघंही गप्प.

कुत्र्यावर माझा राग नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर झंजीर नावाच्या लॅब्राडोरनं आरडीएक्स हुंगून काढलं, माणसं वाचवली. २००० साली तो मेला तेव्हा पोलिसांनी फुलं वाहिली. पोत्याखाली चिरडलेल्या मजुराला कुणी वाहिली?

१९८५ चा कायदा झाडाचा फुलोरा धरतो, नुसतं पान सोडतो. म्हणून शिवरात्रीची भांग प्रसाद अन् आमची चिलीम गुन्हा : सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. नाकाला जात कळत नाही. पण दोर साहेबाच्या हातात. तो वस्तीकडे वळतो, टॉवरकडे नाही.

अन् मित्रांनो, चिलीम म्हणजे विद्रोह नव्हे. पाठ ठणकते म्हणून ओढतो, खोटं कशाला बोलू? पण धुरात झोपलेला मजूर मालकाला सोयीचाच. दोर कुणाच्या हातात, हे विचारायला शुद्धीवर असावं लागतं.