क्यूबाच्या वहीवरचे दूध कुठे गेले?

बैठकीत आम्हाला हटकून एक प्रश्न येतो : बाजार मोकळा केला तर गरिबाने खायचे काय? प्रश्न खरा आहे. आपल्यातले कितीतरी कोरडवाहू शेतकरी आषाढात स्वतःच रेशनच्या रांगेत उभे असतात. म्हणून ज्या देशाने या प्रश्नाचे उत्तर सरकारी हुकमाने द्यायचे ठरवले, त्या क्यूबाकडे पाहू.

१९५९ मध्ये तिथे फिडेल कास्ट्रोंची सत्ता आली. मार्च १९६२ मध्ये रेशनची वही सुरू झाली. तिला तिथे 'लिब्रेता' म्हणतात. माणशी महिन्याला सात पौंड तांदूळ, म्हणजे तीन किलोंहून थोडा जास्त. साखर, घेवडा, तेल, कॉफी. रोज एक पाव. आणि सात वर्षांपर्यंतच्या लेकराला दूध. डॉक्टर असो की झाडूवाला, वही सारखीच. लेकरांच्या तोंडी दूध घालणाऱ्या सरकारला आम्ही नावे ठेवणार नाही.

पण ते दूध काढायचे कोणी, आणि कोणत्या भावाने? १९५९ आणि १९६३ च्या कायद्यांनी बहुतेक जमीन सरकारजमा झाली. छोटे शेतकरी उरले, पण भाव सरकारचा आणि खरेदी 'आकोपियो' या सरकारी यंत्रणेची. ज्यांनी एकाधिकार खरेदीत कापूस घातला त्यांना आकोपियो समजावून सांगायला नको. ट्रक वेळेवर येत नाही, माल बांधावर सडतो, चुकारा महिनोन् महिने रखडतो. गोठ्यातल्या जनावराचे मांस विकायची मुभा शेतकऱ्याला २०२१ मध्ये मिळाली, तीही अटींच्या दाव्याला बांधून.

१९८० मध्ये शेतकऱ्यांचे मोकळे बाजार उघडले. दलाल माजले म्हणून १९८६ मध्ये बंद केले. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन बुडाले, स्वस्त तेल आणि खत आटले, माणसे वाळली. १९९४ मध्ये तेच बाजार पुन्हा उघडावे लागले, आणि गायब झालेला माल मंडईत दिसू लागला. पगारदाराला ते भाव झेपत नव्हते, हेही खरे. त्याच काळात शहरांतल्या मोकळ्या जागांवर रसायनांशिवाय भाजी पिकली. आमच्या कृषी पदवीधर मित्रांनी तिची फार वाखाणणी केली. भाजी छानच होती. पण पोट भरते तांदळाने, आणि तांदूळ बोटीनेच येत राहिला.

अमेरिकेने साठ वर्षांहून जास्त काळ चालवलेल्या व्यापारबंदीचा मार मोठा आहे, तो आम्ही लपवत नाही. पण सरकारी शेतांवर माजलेला मराबू अमेरिकेने पेरला नाही. आपल्या वेड्या बाभळीसारखेच हे काटेरी झुडूप. २००८ मध्ये पडीक जमीन कसायला देण्याचा हुकूम निघाला. जमीन दिली, भाव ठरवायचा हक्क दिला नाही. १९७० मध्ये ८५ लाख टन साखर काढणारा देश २०२३ च्या हंगामात चार लाख टनही काढू शकला नाही.

गरिबाला स्वस्त धान्य जरूर द्यावे. सरकारने ते बाजारभावाने विकत घ्यावे आणि तोटा तिजोरीने सोसावा. क्यूबाने तो पिकवणाऱ्याच्या अंगावर टाकला, आणि त्याने पिकवणे कमी केले. २०२४ च्या सुरुवातीला सात वर्षांखालच्या मुलांसाठी दूध पाठवा, अशी विनंती क्यूबाच्या सरकारला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे करावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात वहीवरचा पाव ८० ग्रॅमवरून ६० ग्रॅमवर आला. पुरेसे पीठच नव्हते.