काचेतून घरी आलेले बाळ

‘बाळ काचेत होतं’, एवढेच आईला आठवते. किती दिवस, ऑक्सिजन किती लागला, श्वासनलिकेत नळी घातली होती का, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. पण बाळ वर्षाचे होईतो ते कार्ड घरात सापडत नाही. पुढे सहा वर्षांचे तेच मूल दर पावसाळ्यात खोकते, खेळताना इतरांच्या आधी बसते आणि प्रत्येक नवा डॉक्टर त्याची गोष्ट पहिल्यापासून सुरू करतो.

फुप्फुसांतले बहुतेक वायुकोश जन्मानंतर, मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. ते मिटू न देणारे सर्फॅक्टंट गर्भाच्या 34-35व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसे होते. त्याच्या बरेच आधी जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन, कधी व्हेंटिलेटर द्यावाच लागतो आणि त्यांनीच कोवळ्या फुप्फुसाला इजाही होते. 1967 मध्ये अमेरिकेत विल्यम नॉर्थवे व सहकाऱ्यांनी या विकाराचे वर्णन केले, ‘ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेझिया’ हे नाव दिले. नंतर प्रसूतीपूर्वी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने, सर्फॅक्टंट, सीपॅप असे उपाय आले. पूर्वी दगावणारी बाळे जगू लागली. आज ती शाळेत आहेत.

सगळ्यांनीच घाबरू नये. पूर्ण दिवसांच्या बाळालाही, विशेषतः सिझेरियननंतर, दोन-तीन दिवस भरभर श्वास लागतो. तो बहुधा आपोआप निवळतो. लक्ष हवे ते फार आधी जन्मलेल्या आणि महिनाभर ऑक्सिजनवर राहिलेल्या मुलांकडे. श्वसनक्षमता विशी-पंचविशीपर्यंत वाढते, मग उतरते. ज्यांची वाढच कमी, त्यांना बिडीला हात न लावताही धाप लवकर गाठू शकते.

आणि अशा बाळाचे घरी स्वागत कशाने होते? शेक-शेगडीने, न्हाणे झाल्यावर ओवा-वावडिंगाच्या धुरीने. आजीची माया खरी, पण या फुप्फुसांना धूर नको. चुलीचा नको, उदबत्तीचा नको, वडिलांच्या सिगारेटचा तर नकोच. न्यूमोकोकलची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते, ती चुकवू नये. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस विकत घ्यावी लागते. ऐपत असेल तर घ्यावी. घरघर ऐकू आली की ‘बाळदमा’ म्हणून एकच औषध वर्षानुवर्षे चालू ठेवणेही बरोबर नाही. अशा मुलांना दम्याची औषधे दरवेळी लागू पडतातच असे नाही.

सरकारी व्यवस्था पहिल्या महिन्यांत चांगली धावते. नवजात कक्ष आहेत, आशाताई घरी जाते, वजन होते, डोळ्यांचा पडदा तपासतात. फुप्फुसांचा हिशेब मात्र सुटीच्या दिवशीच मिटतो. पाच-सहा वर्षांचे मूल फुंकणीची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करू शकते. त्यासाठी नवी इमारत नको. शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाने ‘जन्मल्यावर काचेत होता का?’ एवढे विचारावे आणि हो म्हटल्यास जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी द्यावी. तोवर पालकांनी डिस्चार्ज कार्ड लसीच्या कार्डाला टाचून ठेवावे.