गॅस वाढवू नका, राव!

"वेल्डिंगला भोकं पडतायत? मग गॅस वाढव की!"

हा सल्ला देणाऱ्यांच्या हातातून एकदा रेग्युलेटरच काढून घ्यावा म्हणतो. आमच्या आयटीत याचं सख्खं भावंड आहे. साइट स्लो चालतेय? सर्व्हर वाढव! क्वेरी उघडून कुणी बघायची नाही. आता तीच मंडळी शनिवार-रविवारी छोटं मिग मशीन घेऊन कुंड्यांचे स्टँड नि झोपाळ्याचे सांगाडे बनवायला लागलीत. हौस झकास आहे हो, पण सवयही सोबत आली ना!

मुळात हा गॅस करतो काय? वितळलेल्या लोखंडाला हवा लागली की त्यात नको ते वायू मिसळतात. धातू थंड होताना ते बाहेर पडू बघतात आणि आतच अडकतात. तीच ती भोकं. नोझलमधून येणारा आर्गॉन मिक्स किंवा सीओटू या हवेला दूर ठेवतो. (सीओटू असेल, मग तो नुसता असो की मिक्समध्ये, तर त्याला खरं तर मिग नाही, मॅग म्हणायचं. पण वर्कशॉपमध्ये सगळे 'सीओटू वेल्डिंग'च म्हणतात. असो.)

मग जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण, बरोबर? चूक! साधा नळ हळू सोडून बघा. धार काचेसारखी नितळ पडते. आता फुल्ल सोडा. धार फुटते, फेसाळते, हवा आत ओढते. शांत प्रवाह वेग वाढला की कसा विस्कटतो, हे ऑसबर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्येच नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवलं होतं. गॅसचंही तेच. मर्यादेपलीकडे सोडलात तर तो स्वतःच हवा ओढून आणतो. म्हणजे भोकं पडली म्हणून गॅस वाढवायचा, आणि गॅस वाढवला म्हणून आणखी भोकं!

नवशिक्यासाठी आकडा सोपा आहे. घरात, ०.८ मि.मी. वायर आणि नेहमीचं नोझल असेल तर मिनिटाला १० ते १५ लिटर. १२ वर सुरुवात करा. आकडा वाचायचा तो ट्रिगर दाबून, गॅस वाहत असताना (त्याआधी फीडरचा रोलर सैल करा, नाहीतर वायर सुटेल). आणि फ्लोमीटरची नळी तुमच्याच गॅससाठी आखलेली आहे ना, तेही बघा. आर्गॉनची पट्टी सीओटूला चालत नाही.

तरीही भोकं? मग जरा डीबगिंग करा की! नोझलमध्ये स्पॅटर साचलाय का? नोझल जॉबपासून फार लांब आहे का? (१०-१२ मि.मी. पुरे.) गन फार तिरकी धरताय का? होजच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहिलेत का? पत्र्यावर गंज, तेल, रंग आहे का? असला तर अख्खं सिलिंडर ओतलंत तरी उपयोग शून्य.

"पण वारा असला तर?" थोडा वाढवा, मान्य. पण त्याआधी एक आडोसा उभा करा. पंख्याच्या झोतात बसून ३० लिटर सोडणं म्हणजे छत्री फाटकी म्हणून आणखी दोन शर्ट घालणं.

पैशाचा हिशोबही करा. २००० लिटर गॅस १२ च्या वेगाने पावणेतीन तास पुरतो, २५ च्या वेगाने फक्त ८० मिनिटं. पण मला खरी चिडचिड पैशाची नाही. वारा नको म्हणून लोक दारं-खिडक्या बंद करतात आणि वर गॅस वाढवतात. आर्गॉन आणि सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड. बंद खोलीत खाली साचतात आणि श्वासाचा ऑक्सिजन हटवतात. आर्गॉनला तर वासही नाही, कळणार कसं? तेव्हा खिडकी उघडी ठेवा, फक्त झोत आर्कवर येऊ देऊ नका.

आणि भोकं नेहमी वरून दिसत नाहीत. वर चकचकीत बीड, आत जाळी. उद्या त्या झोपाळ्यावर तुमचीच पोरगी बसणार आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी "गॅस वाढव" म्हणालं, तर एवढंच विचारा: "हवा नक्की येतेय कुठून?" उत्तर नसेल, तर त्याला नॉबला हात लावू देऊ नका!